बाप्तिस्म्याच्या वह्या आणि मराठवाड्याचे पूर्वज

लातूर-बार्शी रस्त्यावरील आमच्या मुरुडसारख्या बाजारगावी अलीकडे पूर्वजशोध हा घरोघरचा विषय होऊन बसला आहे. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन कागदपत्रांतून मराठा समाजाच्या कुणबी नोंदी धुंडाळण्याचे काम सुरू झाले, तेव्हापासून खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळनोंदवही हे शब्द, जे पूर्वी तलाठ्याच्या चावडीत आणि वकिलाच्या कचेरीत तेवढे उच्चारले जात, ते पारावरच्या गप्पांत सहज येऊ लागले. मोडी आणि उर्दू वाचू शकणाऱ्या माणसाला लोक शोधत येऊ लागले. राजकीय मतभेद काहीही असोत, जुन्या दप्तराविषयी समाजात ही जी आस्था जागी झाली आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु ज्याच्या पणजोबाच्या नावे जमीनच नव्हती, त्याने आपला पूर्वज कोणत्या दप्तरात शोधावा? खासऱ्यात नाव येण्यास शेत लागते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पैठण येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नाव येण्यास यात्रेचा खर्च लागतो आणि घाटावर, देवळात मुक्त प्रवेश लागतो. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना हे दोन्ही दरवाजे बहुतांशी बंद होते. वतनाच्या कागदांत महारकीचा, बलुत्याचा आणि क्वचित वतनदाराचा ‘अमुक वलद तमुक’ असा उल्लेख सापडतो. पण त्याची बायको कोण, मुली किती, धाकटे मूल कोणत्या साली जन्मले, याविषयी ते कागद मौन धारण करतात. अशा कुटुंबांपैकी ज्यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या बाबतीत मात्र एक लेखी आधार शिल्लक राहिला. तो म्हणजे चर्चची बाप्तिस्म्याची वही.

मराठवाड्यात या इतिहासाचे मूळ जालन्यास आहे. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण कुळात जन्मलेले तरुण मुंबईस स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत असता 1843 साली ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचा मामला न्यायालयात जाऊन तो अल्पवयीन मुलगा बापाच्या हवाली झाला, आणि त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मुंबई-पुण्यात जो प्रचंड वाद उसळला, त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू घेतली, हे महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. नारायणरावांना पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने, म्हणजे एका प्रेस्बिटेरियन पंथाने, पाळकपदाची दीक्षा दिली. निजामाच्या राज्यात जालन्यास येऊन त्यांनी काम आरंभले आणि दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. त्या गावी आलेल्यांत मांग आणि महार कुटुंबांचा भरणा मोठा होता.

आता पाहण्यासारखी गोष्ट ही की, नारायण शेषाद्रींचा माग काढण्यास फारसे सायास पडत नाहीत. ते 1873 साली न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत बोलले, त्याचे वृत्तांत छापलेले आहेत. स्कॉटिश मिशनांचे पत्रव्यवहार आणि अहवाल एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेले आहेत. फ्री चर्चच्या धर्मोपदेशकांच्या चरित्रनोंदींचे कोश प्रसिद्ध झालेले आहेत. धर्मगुरूचे नाव छापखान्याने राखले. परंतु ज्या मांग स्त्रीने आपले लेकरू कडेवर घेऊन बाप्तिस्म्याच्या पात्राशी उभे राहण्याचे धैर्य केले, तिचे नाव छापखान्यात कधी पोहोचलेच नाही. ते असेल तर हाताने आखलेल्या त्या वहीच्या एका ओळीत असेल. अनुक्रमांक, तारीख, मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, राहण्याचे ठिकाण, धंदा आणि अखेरीस विधी करणाऱ्या पाळकाची सही, असे त्या वहीचे रकाने सामान्यतः असतात. त्यांतील आईच्या नावाचा रकाना माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे; कारण त्या काळच्या महसुली दप्तरात गरीब घरच्या बाईच्या नावाला जागाच नव्हती.

या वह्यांची पुढे काय वाट लागेल याचा विचार करताना दूरदेशीचे एक उदाहरण आठवते आणि ते मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे असे आहे. आयर्लंडात अँग्लिकन पंथ हा राजमान्य पंथ होता. त्याचे ते स्थान गेल्यावर, 1875-76 च्या सुमारास झालेल्या कायद्यांनी त्याच्या जुन्या नोंदवह्या सार्वजनिक दस्तऐवज ठरल्या आणि ज्या मंडळ्यांकडे, म्हणजे स्थानिक चर्चकडे, सुरक्षित कोठी नव्हती, त्यांच्या वह्या डब्लिनच्या सरकारी अभिलेखागारात जमा झाल्या. 1922 च्या जून महिन्यात तेथील यादवी युद्धात हे अभिलेखागार जेथे होते ती फोर कोर्ट्स ही इमारत स्फोटाने आणि आगीने उद्ध्वस्त झाली आणि त्या वह्यांची राख झाली. प्रेस्बिटेरियन पंथ राजमान्य नसल्यामुळे त्याला तो कायदा लागू नव्हता. त्याच्या वह्या गावोगावच्या मंडळ्यांकडेच राहिल्या होत्या. सरकारने ज्यांना महत्त्व दिले नाही, त्या वह्या यामुळे त्या आगीतून वाचल्या. आज आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टरमधून अमेरिकेस गेलेल्यांचे वंशज आपला पूर्वज शोधतात तेव्हा या वह्यांची बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात सूक्ष्मचित्रे करून ठेवलेली प्रत त्यांच्या उपयोगी पडते, आणि पाळकांचा शोध घ्यायचा असेल तर मॅकॉनेल यांनी सिद्ध केलेली धर्मोपदेशकांची चरित्रसूची हाताशी असते. 

या उदाहरणावरून कोणी म्हणेल की वह्या जेथे आहेत तेथेच राहू द्याव्यात, म्हणजे झाले. लातूर जिल्ह्याच्या माणसाला तसे म्हणता येणार नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींची घरे क्षणार्धात कोसळली, हजारो माणसे दगावली, आणि पिढ्यान् पिढ्या जपलेल्या पेट्यासंदुकांतले कागद त्याच ढिगाऱ्यांखाली गेले. डब्लिनमध्ये एका जागी सर्व काही ठेवल्याने नाश झाला; किल्लारीत प्रत्येक घरी एकेकच प्रत असल्याने झाला. मूळ वही तिच्या मालकाकडे आणि तिची हुबेहूब प्रत दूरच्या दुसऱ्या ठिकाणी, एवढा साधा नियम पाळला तर दोन्ही आपत्ती टळतात.

वही मालकाकडेच राहावी असे मी म्हणतो, त्याला आणखी एक गंभीर कारण आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या मर्यादित होत्या. 1956 साली त्या शिखांना आणि 1990 साली बौद्धांना मिळाल्या, दलित ख्रिश्चनांना अद्याप मिळालेल्या नाहीत. अशा स्थितीत बाप्तिस्म्याच्या नोंदीला कायदेशीर परिणाम चिकटलेले आहेत, आणि एखाद्या हयात कुटुंबाच्या जातप्रमाणपत्रावर तिचा घाला पडू शकतो. म्हणून पूर्वजांचा अभिमान जागविण्याच्या नावाखाली कोणाच्याही वह्या बाजारात मांडता येणार नाहीत. शंभर वर्षांहून जुन्या नोंदी अभ्यासकांस आणि वंशजांस खुल्या असाव्यात, त्यानंतरच्या नोंदी केवळ त्या त्या कुटुंबाच्या संमतीने दाखवाव्यात, आणि त्याचा निर्णय मंडळीच्या पंचांकडे राहावा, ही मर्यादा मला न्याय्य वाटते.

काळाचाही विचार केला पाहिजे. ज्या फ्री चर्चने जालन्याचे काम उभारले, ते 1900 साली दुसऱ्या पंथात मिसळून युनायटेड फ्री चर्च झाले, आणि त्यातील बहुसंख्य 1929 साली चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये गेले. इकडे भारतात 1924 साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांची एकजूट झाली, आणि अखेर 1970 साली नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. प्रत्येक विलीनीकरणात कचेऱ्या हलतात, पाळक बदलतात, कपाटे रिकामी केली जातात, आणि रद्दी कोणती व दप्तर कोणते हे ठरविणारा माणूस बहुधा मोडी न वाचणारा असतो. जुन्या शाईचा कागद पावसाळ्यागणिक क्षीण होतो आणि कसर कोणाची वाट पाहत बसत नाही.

सबब तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. पहिली, मराठवाड्यातील प्रत्येक जुन्या मंडळीने आपल्याकडील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्यांची यादी करावी. वही कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आहे, भाषा व लिपी कोणती, पाने किती शाबूत, एवढे लिहून ठेवले तरी निम्मे काम होते. दुसरी, राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने छत्रपती संभाजीनगर येथील आपल्या कार्यालयामार्फत मंडळ्यांच्या संमतीने या वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मूळ वही त्याच दिवशी त्यांना परत करावी. तिसरी, कुणबी नोंदींच्या निमित्ताने मोडी शिकलेल्या तरुणांचे कौशल्य ते काम सरताच वाया जाऊ न देता त्यांना या वाचनास लावावे. मानधन फार मोठे लागणार नाही आणि एकदा झालेले वाचन पिढ्यांना पुरेल.

पूर्वजांचा शोध हा जमीनदारांचा आणि वतनदारांचा मक्ता नाही. खासऱ्यात ज्याचे शेत सापडले त्याला आपले कूळ सापडल्याचा जो आनंद होतो, तोच आनंद बेथेलच्या वहीत आपल्या पणजीचे नाव वाचणाऱ्याला मिळावा, असा त्याचा हक्क आहे. आणि आज शासनाने एका समाजाच्या नोंदींसाठी जी यंत्रणा कामास लावली, तिचा थोडासा अंश या दुर्लक्षित वह्यांसाठी वळविणे हे न्यायाचे आणि शहाणपणाचे होईल. मराठवाड्यातील मंडळ्यांच्या पंचांनी आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे जुने दप्तर असेल त्यांनी या पावसाळ्यापूर्वीच ते उघडून पाहावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.