मापातले पाप आणि वहीतला धर्म

रांजणगावला एलजी होतीच. 2023 साली ह्युंदाईने तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार केला. पुनावळ्याच्या नव्या वसाहतींत राहून या पट्ट्यात नोकरीस जाणारी मंडळी कोरियन शिस्तीचे कौतुक करतात. ‘प्रामाणिकपणा त्यांच्या संस्कारातच आहे’ असेही म्हणतात. हे कौतुक जरा तपासून घ्यायला हवे.

ग्योंगजूचे चोई घराणे कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीत वाढलेले आणि सुमारे 300 वर्षे धनाढ्य राहिलेले. दुष्काळाच्या वर्षी कोणाचीही जमीन विकत घ्यायची नाही, हा त्यांचा कुलनियम होता. उपाशी शेतकरी मिळेल त्या भावाला जमीन देतो. असा व्यवहार कायद्यात बसला तरी ती लूटच. येथे धर्म देव्हाऱ्यातून खतावणीत उतरला होता.

त्याच देशात 16 एप्रिल 2014 रोजी ‘सेवोल’ ही बोट बुडाली. 304 जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले. बोटीवर मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक माल लादलेला होता. कंपनी ज्या कुटुंबाच्या ताब्यात होती, त्याचा प्रमुख एका ख्रिस्ती पंथाचा धर्मोपदेशक होता. पंथ कोणता, हा मुद्दा गौण आहे. गादीला नमस्कार करून मापात पाप करणारे आपल्याकडेही थोडे नाहीत.

पुनावळ्याहून देहू फार दूर नाही. तुकोबांचे घराणे व्यापार-सावकारीचे. दुष्काळानंतर त्यांनी कर्जखतांचा आपला अर्धा वाटा इंद्रायणीत बुडवला आणि धाकट्या भावाचा अर्धा त्याच्या हाती दिला, असे परंपरा सांगते. दुसऱ्याच्या पैशावर औदार्य करायचे नाही! कथेतला हा बारकावा आपण सहसा विसरतो.

आता पुनावळ्यातच पाहा. येथील कचरा डेपोचे आरक्षण जुने. आरक्षण कागदावर असतानाच आसपास इमारती उभ्या राहिल्या, घरे विकली गेली. 2023 साली रहिवाशांनी आंदोलन केले आणि डिसेंबरमध्ये प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा विधिमंडळात झाली. पण त्यापूर्वी नमुना सदनिका दाखवताना किती विक्रेत्यांनी विकास आराखड्याचा नकाशा ग्राहकापुढे उलगडला असेल? महारेरामुळे 2017 पासून चटईक्षेत्र तरी कागदावर नेमके सांगावे लागते. कुंपणापलीकडचे किती सांगायचे, ते विक्रेत्याच्या सदसद्विवेकावर उरते. मुहूर्त पाहून भूमिपूजन करणाऱ्यांनी त्याच दिवशी तो नकाशा विक्री कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. दुष्काळात स्वस्त जमीन नाकारण्याइतके ते अवघड नाही.