पेटाऱ्यानंतर काय झालं?

स्मरणिकेसाठी 'काहीतरी हलकंफुलकं लिहा' असा संपादकांचा निरोप होता. दोन वीकेंड प्रयत्न केला, जमलं नाही. तेव्हा हा भांडणाचा लेख. भांडण आपल्या सगळ्यांशी आहे, त्यात मीही आलो.

झालं असं की गेल्या हिवाळ्यात बर्फामुळे शाळेला सुट्टी होती. मी वरच्या खोलीत क्लायंटच्या कॉलवर आणि आमचे चिरंजीव (वय वर्षं अकरा, ऐतिहासिक साहसकथांचे अट्टल वाचक) खाली सोफ्यावर ई-रीडर घेऊन पसरलेले. जेवताना एकदम विचारतो, "बाबा, हा नाना फर्नुवीस कोण? तो व्हिलन आहे का?"

मला क्षणभर कळेचना. मग उलगडा झाला. फर्नुवीस म्हणजे आपले नाना फडणवीस! पुस्तक होतं जी. ए. हेन्टी नावाच्या इंग्रज लेखकाचं, 'ॲट द पॉइंट ऑफ द बायोनेट'. १९०१ च्या सुमाराचं. कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे इंटरनेटवर फुकट. विषय आंग्ल-मराठा युद्धांचा. नायक कोण, तर एक इंग्रज पोर. आईबाप मराठ्यांच्या हल्ल्यात मारले जातात, मराठी दाई बाळाला उचलून आपल्या गावी नेते, कातडीला रंग लावून मराठा म्हणून वाढवते. मोठा होऊन तो अर्थातच इंग्रजांचा बहाद्दर अधिकारी होतो. पोरगा दोन दिवसांत पुस्तक संपवून मोकळा. आणि मग तो प्रश्न आला, ज्यासाठी हा लेख लिहितोय. "म्हणजे आपण बॅड गाईज होतो?"

हेन्टीवर माझा राग नाही. त्याने असली शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली, साम्राज्याची भलामण करणं हाच त्याचा धंदा होता. राग याचा आहे, की सह्याद्रीतल्या एका मुलाची गोष्ट माझ्या मुलाला सांगायला शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रज हजर होता आणि आपण नव्हतो.

"आहेत की आपल्याकडे पुस्तकं!" असं कोणीतरी म्हणणारच. आहेत. नाथमाधवांचा 'सावळ्या तांडेल' मी स्वतः आजोळच्या माळ्यावर पालथं पडून वाचलाय. सिंहगडाच्या कड्यावरून पडून कायमच्या अधू झालेल्या या माणसाने अंथरुणावरून वाचकांना सगळीकडे फिरवलं. गोनीदांची 'झुंजार माची' आणि 'दर्याभवानी' आहेत. पण ती भाषा आमच्या पोरांना पेलत नाही हे प्रामाणिकपणे कबूल करू या. चौथ्या ओळीला मी शब्दार्थ सांगतोय आणि सातव्या ओळीला तो फ्रीज उघडतोय, असा आमच्या घरचा अनुभव आहे. शिवाय ही पुस्तकं अकरा वर्षांच्या मुलासाठी लिहिलेलीच नव्हती. आम्ही ती वाचली, कारण सुट्टीत दुसरं काही हाताशी नव्हतं.

मग मुलांसाठी म्हणून आपण काय देतो? चरित्र. जन्म, बालपण, शपथ, अफजलखान, राज्याभिषेक. गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रं आणि प्रत्येक पानावर नमस्कार करण्याची अपेक्षा. देव्हाऱ्यात ठेवलेल्या माणसाबरोबर मुलं घोड्यावर बसू शकत नाहीत हो!

इथे बॉस्टनच्या परिसरात राहणाऱ्यांना 'जॉनी ट्रेमेन' माहीत असेल. एस्थर फोर्ब्जबाईंची १९४३ ची कादंबरी, पुढच्या वर्षी न्यूबेरी पदक मिळालेली. अमेरिकन क्रांतीची गोष्ट, पण नायक वॉशिंग्टन नाही. नायक आहे चांदीकामाच्या दुकानातला एक उर्मट उमेदवार पोरगा, ज्याचा हात भाजून निकामी होतो. पॉल रिव्हिअर, सॅम्युअल ॲडम्स ही मंडळी त्याच्या आजूबाजूने ये-जा करतात. मोठी माणसं बाजूला आणि पोर मधोमध, इतकी साधी युक्ती.

आता आपला आग्रा घ्या. १६६६. मिठाईचे पेटारे आपण सगळ्यांनी ऐकलेत, सांगितलेत, गॅदरिंगला पुठ्ठ्याचे करून स्टेजवरही आणलेत. पेटारे बाहेर पडले की आपल्याकडे पडदा पडतो. पण महाराजांबरोबर नऊ वर्षांचे शंभूराजे होते. त्यांना घेऊन तो प्रवास करणं धोक्याचं, म्हणून त्यांना मथुरेत कृष्णाजीपंत आणि त्यांच्या भावांच्या घरी ठेवलं. महाराज राजगडाला पोचले. मुलगा मागे राहिला, आग्र्यापासून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, औरंगजेबाची माणसं शोध घेत असताना. इकडे मुलगा वारला अशी बातमी मुद्दाम पसरवण्यात आली. पुढे त्या भावांनीच त्यांना सुखरूप राजगडाला आणलं.

मंडळी, नऊ वर्षांचा मुलगा, परका मुलूख, खोटं नाव, बाप शेकडो मैलांवर आणि स्वतःच्या मरणाची बातमी गावभर! यापेक्षा चांगलं कथानक स्टीव्हन्सनलाही सुचलं नसतं. आणि आपण ते एका वाक्यात उरकतो. तो मुलगा तिथे काय खात होता, कोणाशी खेळत होता, कोणाला घाबरत होता? इतिहास इथे गप्प आहे, म्हणूनच ही कादंबरीकाराची जागा आहे.

हे मी आपल्या मराठी शाळेच्या पालकसभेत बोललो. उत्तर आलं, "काल्पनिक नको. उगाच कोणाच्या भावना दुखावतील." हे उत्तर मला मान्य नाही. लॉरी हॉल्स अँडरसन यांची 'चेन्स' ही २००८ ची कादंबरी वाचा. १७७६ चं न्यूयॉर्क, तेरा वर्षांची गुलाम मुलगी, आणि स्वातंत्र्याच्या गप्पा मारणारे लोकही तिला गुलामीतून सोडवत नाहीत. हे पुस्तक इथल्या मुलांनी वाचलं म्हणून अमेरिका बुडाली नाही. जे घडल्याची नोंद आहे ते बदलू नये, बाकी लेखकावर सोडावं. शेवटी एक पान 'यातलं खरं काय आणि रचलेलं काय' असं द्यावं, की संपलं.

दुसरा आक्षेप पैशांचा. याचं तर हसूच आलं. दर दिवाळीला आपण भारतातून कलाकार आणतो, विमानाची तिकिटं, हॉटेल, साउंड सिस्टीम, वर शंभर माणसांचं उरलेलं श्रीखंड. कलाकार जरूर आणा, मीही पुढच्या रांगेत असतो. पण एक वर्ष एक कार्यक्रम कमी करा आणि तो पैसा एका चांगल्या लेखकाला आणि एका चित्रकाराला द्या. पुस्तक दोन्ही भाषांत काढा, सोप्या मराठीत आणि इंग्रजीत. (इंग्रजी म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडल्या असतील. हेन्टीनेही इंग्रजीतच लिहिलंय, आणि पोरांनी ते वाचलंय.)

समिती नेमली जाईल तेव्हा जाईल. आयटीवाल्याला वाट बघवत नाही म्हणून मी मथुरेचं प्रकरण आमच्या घरी रोज रात्री तोंडी सुरू केलंय. लेखक म्हणून मी सुमार आहे, तीनदा गोष्ट भरकटली. परवा शंभूराजांना धर्मशाळेत झोपवलं, सोबत दोन अनोळखी वाटसरू, आणि दिवा विझवायला उठलो. तर अंधारातून आवाज आला, "बाबा, पण तो झोपेत मराठीत बोलला तर?"

मला उत्तर सुचलेलं नाही. कोणाला सुचलं तर फोन करा, त्याच्या झोपायच्या वेळेआधी.