दार जुळलं, आसनाचं काय?

अग्निशमन दलात नोकरी झाल्यामुळे अंतराळयानाची बातमी वाचतानाही माझी नजर आधी कपलिंगवर जाते. मोठ्या आगीला शेजारच्या कारखान्याचा बंब धावून येतो, आणि त्याचा होज आमच्या पंपाला बसत नाही. आलेल्यांची तळमळ खरी असते, पण पाणी मिळत नाही.

अवकाशातही तेच झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये बोइंगचं स्टारलायनर यान रिकामंच परतलं आणि त्यातून गेलेले अंतराळवीर सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहिले. बोइंगचा पोशाख स्पेसएक्सच्या ड्रॅगनला जोडता येत नाही. पुढचं ड्रॅगन पोहोचेपर्यंत संकट आलंच, तर तिथे असलेल्या ड्रॅगनमध्ये सामानाच्या जागेत फोम घालून दोघांना आणायचं, अशी तात्पुरती सोय होती. दोन्ही यानं अमेरिकेची, दोन्हींमागे पैसा नासाचा! स्थानकाच्या भागीदार देशांनी २०१० सालीच जोडणीचं मानक सर्वांसाठी खुलं केलं होतं. त्यामुळे दार जुळलं. पोशाख आणि आसन मात्र ज्याचं त्याचं राहिलं.

याहून अवघड काम शीतयुद्धात झालं होतं. अमेरिकेच्या अपोलोत शुद्ध ऑक्सिजन, दाब वातावरणाच्या साधारण एक तृतीयांश. सोव्हिएत सोयूझमध्ये आपल्यासारखी हवा, पूर्ण दाबाची. सोयूझमधून थेट अपोलोत गेलेल्या माणसाच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका. म्हणून १९७५च्या संयुक्त उड्डाणात मध्ये एक वेगळी खोली बसवली आणि सोव्हिएतांनी आपल्या यानातला दाब सुमारे दोन तृतीयांशावर उतरवला. जोडणीसाठी व्लादिमिर सिरोम्यात्निकोव्ह आणि अमेरिकी अभियंत्यांनी नर-मादी भेदच नसलेली कडी घडवली. कोणतंही यान पुढाकार घेऊ शकत होतं. आमच्या होजला मेल आणि फीमेल टोकं असतात; घाईत दोन सारखीच टोकं समोरासमोर आली की काय होतं ते जवानांना विचारा.

पण मला खरी टोचते ती त्याआधीची आग. मार्च १९६१ मध्ये व्हॅलेंटिन बोंडारेन्को हा २४ वर्षांचा सोव्हिएत प्रशिक्षणार्थी अंतराळवीर ऑक्सिजन वाढवलेल्या दाबकक्षात होता. स्पिरिटचा बोळा विजेच्या शेगडीवर पडला आणि बोंडारेन्को भाजून मरण पावला. ही बातमी सोव्हिएत संघाने १९८६पर्यंत दाबून ठेवली. दरम्यान जानेवारी १९६७ मध्ये अपोलो-१च्या चाचणीत, ऑक्सिजन भरलेल्या कक्षातच, तिघे अंतराळवीर आगीत गेले. आधीची घटना कळली असती तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. ऑक्सिजनचा धोका अमेरिकनांनाही ठाऊक होता. तरीही भाजलेल्या माणसाची हकिकत टेबलावर असली की बैठकीतला सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

अंतराळवीरांच्या बचावाच्या १९६८च्या आंतरराष्ट्रीय करारात भारतही आहे. त्यात संकटातल्या अंतराळवीराला शोधणं, मदत करणं, यान पाठवणाऱ्यांच्या प्रतिनिधींकडे परत सोपवणं आहे. दाब, पोशाख, आसन यांचा उल्लेख नाही.

आपल्या गगनयान मोहिमेच्या चौघा अंतराळवीरांनी रशियात प्रशिक्षण घेतलं, त्यांच्यातले शुभांशु शुक्ला २०२५ साली ड्रॅगनमधून स्थानकावर जाऊन आले. २०३५पर्यंत आपलं स्वतःचं स्थानक उभारायचंय. मग त्याच्या दाराला कोणतं परदेशी यान लागेल आणि आपला माणूस त्यातल्या कुठल्या आसनात, कुठल्या पोशाखात बसून उतरेल, हे इस्रोने आराखड्याच्या टप्प्यावरच लेखी ठरवून जाहीर करावं. अग्निबाणाचं इंजिन हवं तर गुपित ठेवा. झडप, दरवाजा, हवेचा पुरवठा यांत चाचणीत जे बिघडेल, ते मात्र रशियन, अमेरिकी आणि चिनी अभियंत्यांनाही वाचता आलं पाहिजे.