मैदानाची हजेरी कोण घेतं?

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बिंदुसरा प्रकल्पाजवळ पाली हे गाव लागतं. अशाच गावांमधले, या बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार कोयता घेऊन सहा-सहा महिने राबतात. त्यांना ‘रोज चाला’ म्हणणं ही चेष्टाच.

पण गावात राहणाऱ्यांचं काय? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक अंदाजानुसार 2022 मध्ये भारतातले निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे 57 टक्के. (रांधा, वाढा, उष्टी काढा हे त्यात नीट मोजलं जातं का, ही आमची जुनी शंका.) लोकांनी हालचाल करावी म्हणून 29 ऑगस्ट 2019 रोजी ‘फिट इंडिया’ मोहीम सुरू झाली. 2030 पर्यंत निष्क्रियता 15 टक्क्यांनी घटवायचं जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे.

पण आपल्याकडे मोजदाद होते ती मैदानासाठी आलेल्या अनुदानाची. व्यायामाचं साहित्य आलं, फीत कापली, उपयोगिता प्रमाणपत्र गेलं की योजना फत्ते. पुढे पेडल तुटलं, गवत माजलं, किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला ठाऊक नाही, याची नोंद कुठल्या रकान्यात करायची? आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य जिंकलं तेव्हा फलक लागले. पण एक पदक म्हणजे योजनेचा अहवाल नव्हे.

संध्याकाळी सहाला मैदानावर किती मुली, किती म्हाताऱ्या दिसतात, एवढं ग्रामपंचायतीने महिन्यातून एकदा वहीत लिहावं आणि ग्रामसभेत वाचावं. त्याला ना अ‍ॅप लागतं, ना सल्लागार.