उमेदवारी हुकल्यानंतरची वाट

परभणी : निवडणुकीत पराभूत झालेल्या उमेदवाराची निदान नोंद तरी राहते. त्याला पडलेल्या मतांचा आकडा निवडणूक आयोगाच्या तक्त्यात कायमचा बसतो. ज्याची उमेदवारीच ऐन वेळी हुकली, त्याचे नाव मात्र कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. काही दिवस वृत्तपत्रांतून चर्चा होते, दिल्ली-मुंबईच्या वाऱ्या होतात आणि एका संध्याकाळी दुसऱ्याच नावाची घोषणा होते. त्यानंतर या नेत्याचे काय होते?

मराठवाड्याने या प्रश्नाचे उत्तर दोन टोकांच्या पातळ्यांवर पाहिले आहे. २००७ मध्ये शेजारच्या लातूर जिल्ह्यातील शिवराज पाटील चाकूरकर यांची राष्ट्रपतिपदाची उमेदवारी हुकली, तर २०२४ मध्ये राजेश विटेकर यांची परभणी लोकसभेची. राष्ट्रपती भवन आणि परभणी मतदारसंघ यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरेच. तथापि उमेदवारी कोण ठरवितो, का कापतो आणि कापलेल्याची भरपाई कशी करतो, याचे गणित दोन्हीकडे आश्चर्यकारकरीत्या सारखे आहे.

चाकूरकरांचा राजभवनापर्यंतचा प्रवास

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची मुदत २००७ च्या जुलैमध्ये संपत होती. केंद्रात डाव्या पक्षांच्या बाहेरून मिळालेल्या पाठिंब्यावर संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार होते. काँग्रेसकडून तत्कालीन गृहमंत्री शिवराज पाटील यांचे नाव पुढे आले. १९८० पासून सलग सात वेळा लातूरमधून लोकसभेवर निवडून आलेले आणि १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्षपद भूषविलेले चाकूरकर हे पदाला शोभणारे नाव होते. डाव्यांनी मात्र त्याला अनुकूलता दाखविली नाही. सुशीलकुमार शिंदे आणि प्रणव मुखर्जी यांचीही नावे चर्चेत होती. अखेर १४ जून रोजी राजस्थानच्या तत्कालीन राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर झाले. मराठी राष्ट्रपती होणार म्हणून शिवसेनेनेही रालोआची साथ सोडून त्यांना पाठिंबा दिला. राष्ट्रपती भवनात महाराष्ट्र पोहोचला, पण जळगावमार्गे, लातूरमार्गे नव्हे.

चाकूरकरांनी नाराजीचा सूर काढला नाही. ते गृहमंत्रिपदावर राहिले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला आणि चार दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. जानेवारी २०१० मध्ये ते पंजाबचे राज्यपाल झाले. राजस्थानचा अतिरिक्त कार्यभारही काही काळ त्यांच्याकडे होता. २०१५ च्या जानेवारीत ही मुदत संपली आणि सत्तेच्या राजकारणातील त्यांची वाटचालही तेथेच थांबली.

येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. २००४ च्या निवडणुकीत लातूरमध्ये भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी त्यांचा पराभव केला होता. राज्यसभेमार्गे ते गृहमंत्री झाले खरे. परंतु २००७ मध्ये त्यांच्यामागे मतदारसंघाचे ताजे बळ नव्हते, पक्षनेतृत्वाचा विश्वास होता. विश्वासाची परतफेड विश्वासाच्याच नाण्यात होते आणि आपल्याकडे त्या नाण्याचे नाव बहुधा राजभवन असते.

पराभव हीच शिडी

सुशीलकुमार शिंदे यांचा मार्ग वेगळा होता. ऑगस्ट २००२ मध्ये उपराष्ट्रपतिपदासाठी भैरोसिंह शेखावत यांच्याविरुद्ध काँग्रेसने त्यांना उभे केले, तेव्हा निकाल ठरल्यासारखाच होता. शेखावत यांना ४५४ आणि शिंदे यांना ३०५ मते मिळाली. हरणारी लढाई पक्षासाठी लढणाऱ्याचे ऋण पक्षाच्या खाती जमा होते. पाच महिन्यांतच, १८ जानेवारी २००३ रोजी, शिंदे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

पुढच्या वर्षी त्यांच्या कारकिर्दीत आघाडीने विधानसभा जिंकली. मुख्यमंत्रिपद मात्र विलासराव देशमुख यांना मिळाले आणि शिंदे आंध्र प्रदेशच्या राजभवनात गेले. तेथून ते परतले, हे विशेष. २००६ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री, २०१२ मध्ये गृहमंत्री. याचे कारण सोलापुरात होते. मतदारसंघाशी त्यांची नाळ तुटलेली नव्हती. २०१४ आणि २०१९ मध्ये सोलापूरने त्यांना पराभूत केले, तेव्हा मात्र परतीची वाट बंद झाली. २०२४ मध्ये त्याच मतदारसंघातून कन्या प्रणिती शिंदे लोकसभेत गेल्या.

रेड्डी, शेखावत, संगमा

राष्ट्रपतिपदाच्या पराभवातून पुन्हा उभे राहण्याचे सर्वांत ठळक उदाहरण नीलम संजीव रेड्डी यांचे. १९६९ मध्ये बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाने त्यांचे नाव निश्चित केले. त्या बैठकीत यशवंतराव चव्हाण यांनी रेड्डींच्या बाजूने कौल दिला होता. इंदिरा गांधींनी ‘सद्सद्विवेकबुद्धी’च्या मताचे आवाहन केले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. रेड्डी राजकारण सोडून अनंतपूरला शेतीकडे वळले. १९७७ मध्ये जनता पक्षाच्या तिकिटावर ते नंद्याळमधून लोकसभेवर गेले, लोकसभाध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडून आले.

सगळ्यांनाच असा दुसरा डाव मिळत नाही. २००७ मध्ये प्रतिभाताईंकडून पराभूत होताच शेखावत यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला. पी. ए. संगमा यांनी २०१२ मध्ये उमेदवारीसाठी, स्वतःच संस्थापकांपैकी एक असलेली राष्ट्रवादी काँग्रेस सोडली. प्रणव मुखर्जी यांच्यासमोर ते हरले. पण २०१३ मध्ये त्यांनी नॅशनल पीपल्स पार्टी उभी केली आणि २०१४ मध्ये तुरा येथून लोकसभा जिंकली. आज मेघालयाचे राजकारण त्या पक्षाभोवती फिरते. प्रणवदांचीही कथा बोलकी आहे. २००७ मध्ये ‘सरकारला तुमची गरज आहे’ या सबबीवर जे पद दूर राहिले, तेच २०१२ मध्ये त्यांच्याकडे चालत आले.

मोजलेले बळ आणि न मोजलेले बळ

अमेरिकेत उमेदवारी हुकलेल्यांची कारकीर्द सहसा एवढी अनिश्चित नसते. रोनाल्ड रेगन १९७६ मध्ये जेराल्ड फोर्ड यांच्याकडून थोडक्यात हरले आणि १९८० मध्ये तीच उमेदवारी जिंकली. त्या वेळी त्यांनी ज्यांना हरविले, ते जॉर्ज बुश उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि पुढे १९८८ मध्ये अध्यक्षपदी निवडून आले. २००८ मध्ये बराक ओबामांकडून हरलेल्या हिलरी क्लिंटन पुढच्याच वर्षी परराष्ट्रमंत्री झाल्या. तेथे उमेदवारीची लढत पक्षाच्या मतदारांपुढे होते. हरणाऱ्याच्या पाठीशी किती मते आहेत, हे साऱ्या देशाने मोजलेले असते. विजेत्याला त्या आकड्याशी तडजोड करावी लागते.

आपल्याकडे हा निर्णय बंद दाराआड होतो. कोणाच्या मागे किती जण होते, हे कधीच मोजले जात नाही. त्यामुळे हुकलेल्या नेत्याची किंमत ठरविण्याचा अधिकारही श्रेष्ठींकडेच राहतो. त्याच्या हाती दोनच हत्यारे उरतात : मौन किंवा बंड. मौनाला पद मिळते. परत मैदानात उतरण्याची ताकद मात्र पूर्वी मोजलेल्या मतांतूनच येते.

परभणीचा धडा

परभणीत नेमके हेच घडले. २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे राजेश विटेकर शिवसेनेच्या संजय जाधव यांच्याकडून ४२ हजार १९९ मतांनी हरले. मतदारसंघावर शिवसेनेची असलेली पकड पाहता ही लढत चुरशीची होती. २०२४ मध्ये महायुतीत ही जागा अजित पवार यांच्या राष्ट्रवादीच्या वाट्याला आली. विटेकर यांची तयारी होती. पण राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर यांना महायुतीत राखण्यासाठी परभणीची जागा त्यांना देण्यात आली. विटेकर यांनी बंडखोरी केली नाही. जानकर सुमारे १ लाख ३४ हजार मतांनी पराभूत झाले.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. १२ जुलै २०२४ रोजी विटेकर विधान परिषदेवर निवडून आले. त्याच महिन्यात परिषदेतील ज्या सदस्यांची मुदत संपली, त्यांत खुद्द जानकर होते. ज्याला तिकीट मिळाले तो सभागृहाबाहेर आणि ज्याचे कापले गेले तो सभागृहात! नोव्हेंबरमध्ये विटेकर पाथरीतून विधानसभेवर निवडून आले. मौनाने त्यांना परिषद दिली. विधानसभा मतदारांनी दिली.

या पुनर्वसनाची दुसरी बाजूही आहे. जुलैमध्ये मुदत संपलेल्यांत पाथरीचेच बाबाजानी दुर्राणी होते. त्यांना पुन्हा संधी मिळाली नाही. त्यांनी पक्ष सोडला आणि पाथरीत अपक्ष म्हणून लढून ते हरले. विटेकर आमदार झाल्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर मार्च २०२५ मध्ये अमरावतीचे संजय खोडके बिनविरोध निवडून आले. सहा वर्षांच्या मुदतीची एक जागा अवघ्या आठ महिन्यांत तीन नेत्यांच्या राजकीय सोयीची जागा ठरली आणि परभणीकडून अमरावतीकडे गेली.

‘पुनर्वसन’ हा शब्द मराठवाड्यात धरणग्रस्तांमुळे परिचित आहे. त्यांना कागदांसाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. नेत्याचे पुनर्वसन मात्र तीन महिन्यांत होते. यात कोणा एका नेत्याचा दोष नाही. मिळालेली संधी कोणीही घेईल. प्रश्न पदांचा आहे. वरिष्ठ सभागृह हे अभ्यासू, विविध क्षेत्रांतील मंडळींचे असावे, अशी अपेक्षा होती. राज्यपाल नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात फारसा गुंतलेला नसावा, असे सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात सुचविले होते. प्रत्यक्षात ही पदे नाराजांच्या विश्रांतिगृहासारखी वापरली जातात आणि या वापरात सर्व पक्षांचे एकमत आहे.

यावर उपाय आहे तो मोजणीचा. उमेदवार कोणत्या पद्धतीने निवडावा, याचे बंधन आपला निवडणूक कायदा पक्षांवर घालत नाही. निदान लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवारीसाठी पक्षाच्या सभासदांचा कौल घेतला, तर हुकलेल्याला आपले बळ कळेल, जिंकलेल्याला त्याची दखल घ्यावी लागेल आणि भरपाई म्हणून घटनात्मक पदे वाटण्याची गरज कमी होईल. तोवर दिल्लीत राष्ट्रपतिपदासाठी नावे चर्चेत येतील, परभणीत लोकसभेसाठी येतील आणि निर्णय एका खोलीत होत राहील. मतदाराला कळेल ते एवढेच, की आपल्याला विचारले नव्हते.