पाखराच्या पायाखालची दांडी

ज्यांच्या ओसरीवर बजरीगरचा पिंजरा टांगलेला आहे त्यांनी त्यातली दांडी आज नीट पाहावी. (रानातला पोपट घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे, बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाचा.) बाजारच्या पिंजऱ्यात बहुधा गुळगुळीत, सगळीकडे सारख्याच जाडीची प्लास्टिकची दांडी असते. माझ्या मते ती काढूनच टाकावी. पाखरू झोपेतही पायावरच असते. एकसारख्या दांडीमुळे तळव्याच्या त्याच जागी रात्रंदिवस भार पडतो. कातडी लाल होते, चिरते, जंतू शिरून गाठ धरते. नखे झिजावीत म्हणून काही जण दांडीला पॉलिश पेपर गुंडाळतात. त्याने नखे राहतात बाजूला आणि तळवे सोलतात!

यासाठी पैसा लागत नाही. पेरूची किंवा कडुनिंबाची फांदी, कुठे करंगळीएवढी तर कुठे अंगठ्याएवढी जाड, सालीसकट धुऊन वाळवून बसवावी. पांढुर्णा-सौंसरकडे संत्र्याच्या बागेतली काडी सहज हाताशी येते, पण तिच्यावर औषधाचा फवारा बसलेला असतो, ती नको.

कोंबड्यांना मात्र पाय टेकायला रुंद जागा हवी. खुराड्यात दोन इंच रुंदीची, कडा घासलेली लाकडी पट्टी गुडघाभर उंचीवर ठोकावी. उंचावरून कडक जमिनीवर रोज उडी घेतल्याने जड कोंबडीचे तळवे ठेचतात. तळव्यावर काळी खपली व सूज दिसली तर घरी चिरू नये, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. खुराड्यातली ओली घाणही रोज काढावी. भिजलेल्या तळव्याला जखम लवकर होते.