पन्नास मीटरची लक्ष्मणरेषा

गोंदिया जिल्ह्याची ओळख धानाची. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा भातगिरण्यांचा, मालगुजारी तलावांचा आणि जंगलाचा. अशा या अन्नसंपन्न भूमीतील एखाद्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेची मधली सुट्टी होते. आत ताटात खिचडी वाढली जात असते आणि त्याच वेळी फाटकाबाहेरच्या टपरीवर रंगीबेरंगी पुड्यांच्या माळा झुलत असतात. हातात पाच रुपयांचे नाणे असलेले मूल कोणत्या दिशेला धावते, हे सांगण्यास आहारतज्ज्ञाची आवश्यकता नाही.

नियम नाहीत, असे मुळीच नाही. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शालेय मुलांच्या आहाराविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचा आदेश दिला. मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांच्या उपाहारगृहांतून वेफर्स, नूडल्स, शीतपेये यांसारखे पदार्थ हद्दपार करण्याचा निर्णय काढला. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने देशभरासाठी विनियम अधिसूचित केले. अतिरिक्त मीठ, साखर व घातक मेद असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून सर्व दिशांना ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असे ते सांगतात. शासनाने आखलेली ही लक्ष्मणरेषाच. दुर्दैवाने ती राजपत्रात आखली गेली. शाळेपुढच्या रस्त्यावर आखायची राहून गेली.

याचे कारण उघड आहे. २०१७ चा निर्णय करताना डोळ्यांपुढे शहरातील उपाहारगृह असलेली शाळा होती. देवरी, सालेकसा वा अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील खेड्यातल्या शाळेला उपाहारगृह कुठले? तिथे फाटकाबाहेरची टपरी हेच उपाहारगृह. अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक गावोगावच्या टपरीपर्यंत पोहोचणे व्यवहारतः अशक्य. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई करणारा कायदा २००३ सालचा. त्याचे पालन किती होते, हे प्रत्येकाने आपल्या गावातील शाळेपुढे उभे राहून पाहावे. निरीक्षकाच्या भरवशावर सोडलेल्या नियमांचे भवितव्य त्यातून कळते.

दुसरीकडे शासन त्याच मुलाच्या ताटासाठी मोजूनमापून खर्च करते. पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरले आहे. परंतु आधी पुडीने पोट भरलेले मूल ताट अर्धेच टाकून उठते. लहान पोटाची मर्यादा असते. तिथे मीठ आणि तेल आधी शिरले की डाळीला जागा उरत नाही. अनेक घरांत दुपारचे हे ताट दिवसातील सर्वांत सकस जेवण असते. म्हणूनच ते ताट अर्धे टाकले जाणे ही किरकोळ बाब नव्हे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यात आठवड्यातून एकदा अंडे वा केळे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा शासकीय निधी थांबला आणि लोकसहभागाकडे बोट दाखवण्यात आले. अंडे द्यावे की देऊ नये, यावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले गेले. फाटकाबाहेरच्या पुडीवर मात्र कोणी बोलले नाही. तिच्यावर हिरवा ठिपका असतो ना! तो ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, सकस असल्याचे नव्हे. हा भेद अनेक सुशिक्षित, सात्त्विक आहाराचा आग्रह धरणाऱ्या घरांनाही उमगलेला नाही. त्याच ठिपक्याकडे पाहून मुलांच्या डब्यात तळलेला, खारवलेला माल निश्चिंत मनाने भरला जातो.

मग त्या टपरीवाल्याच्या पोटावर पाय द्यायचा काय? हा आक्षेप रास्त आहे. टपरी चालवणारी बहुधा गावातलीच एखादी गरजू आई असते. पण टपरी हटवण्याची गरजच नाही. माल बदलण्याची आहे. मुरमुरे, लाह्या, फुटाणे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, पेरू, बोरे आणि या जिल्ह्यातील तलावांत पिकणारा शिंगाडा हे सारे पाच-दहा रुपयांत विकता येते. त्यातील पुष्कळसे परिसरातच पिकते. म्हणजे मुलाच्या हातचे नाणे दूरच्या कारखान्याकडे न जाता गावातच फिरेल.

हे घडवून आणण्याचे साधनही हाताशी आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शासकीय व अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीने एका सकाळी दोरी घेऊन ५० मीटर मोजावेत, चुन्याची रेघ मारावी, दुकानदारांना सन्मानाने बोलावून पर्यायी मालाची यादी द्यावी आणि ग्रामसभेत तसा ठराव करावा. याला ना निधी लागतो, ना वरचा आदेश. गावात सेवाकार्य करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला हे काम सहज उचलता येईल.

अर्थात, ती रेघ घराच्या उंबरठ्यापाशी पुसली जाता कामा नये. वाढदिवसाला वर्गात वाटायची पुडी आणि परीक्षेतील यशाचे बक्षीस म्हणून दिलेली शीतपेयाची बाटली वडीलधाऱ्यांच्याच खिशातून येते. टपरीवरचा माल बदला, असे सांगायला जाणाऱ्याने आधी आपल्या मुलाचा डबा उघडून पाहावा.